पहिली कळशी

वैजयंतानं माझी कळशी मोरीत ओतून दिली तेव्हा मी मागच्या दारात उभी होते. पहाटेचे पाच वाजले होते. नळाला अजून पाणी आलं नव्हतं. आणि माझी सून भरलेली पितळी कळशी दोन्ही हातांनी तिरकी धरून बेताबेतानं ओतत होती, आवाज होऊ नये म्हणून. ओतण्यापेक्षा त्या बेतानं ओतण्याचाच मला जास्त राग आला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

ती दचकली. कळशी हातातून सुटली आणि मोरीच्या कठड्यावर आपटली. तिला पोचा आला, तो अजून आहे.

"आई, हे रात्रभर नळीत राहिलेलं पाणी असतं," ती म्हणाली. "आमच्याकडे बोअरची पहिली बादली आबा केळीला घालतात. ते प्यायचं नाही म्हणतात."

झालं. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी हिचं 'आमच्याकडे' म्हणजे अजून माहेरच. मी तिला म्हटलं, बाई गं, खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस. तुझ्या आबांच्या केळीला काय घालायचं ते त्यांनी बघावं, माझ्या घरात कोणी काय प्यायचं ते मी बघते.

त्या कळशीचं आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी उगाच भांडते. मी भांडते, पण उगाच नाही.

आमच्या गिरणीच्या खोल्या उतारावर बांधलेल्या. बारा खोल्यांची एक रांग, त्यातली आमची शेवटची, सगळ्यात खालची. नळ साहेबाच्या काळातला. साडेपाचला पाणी यायचं आणि तासाभरात जायचं. वरच्या अकरा घरांत नळ आधी नुसता फुसफुसायचा, मग दहा मिनिटं तांबडं गढूळ पाणी यायचं. त्या बाया ते धुण्याभांड्याला घ्यायच्या आणि मग पिण्याचं भरायच्या. आमच्या नळाला मात्र पाणी यायच्या आधीच एक कळशी मिळायची. सगळ्यात लांब नळी आमची, त्यात उतार आमच्याकडे. आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी त्या नळीत साठून राहायचं आणि गाळ बसून नितळ व्हायचं. शेजारणी म्हणायच्या, रखमाबाईच्या नळावर देवाचा हात आहे. कोणी आजारी पडलं की तांब्याभर मागायला यायच्या. मी द्यायची नाही. चिकट म्हणून माझं नाव झालं, होऊ दे म्हटलं.

रोज पहाटे उठायचं, माठातलं कालचं पाणी ओतून द्यायचं, माठ आतून हातानं घासायचा आणि पहिल्या कळशीनं भरायचा. शिळं पाणी माझ्या घरात कोणी तोंडाला लावायचं नाही, हा नेम. सासूबाईंचा नेम होता तो. त्यांच्या तोंडून मला धड शब्द कधी ऐकायला मिळाला नाही, पण मला दिवस गेले की पहिल्या कळशीतला तांब्या त्या स्वतः माझ्या हातात द्यायच्या. म्हणायच्या, पी, आधी तू पी. आयुष्यभरात त्यांनी केलेली माया म्हणून मला तेवढीच आठवते, आणि मी ती जपून ठेवली होती.

वैजूला तिसरा महिना चालू होता. आधीची दोन गेली होती, एक तिसऱ्यात, एक पाचव्यात. त्यामुळे मी तिच्या मागे हात धुऊन लागले होते. जड उचलू नको, पपई खाऊ नको, उंबऱ्यावर बसू नको. आणि पहिल्या कळशीचं पाणी पी. हे सगळं तिच्या पोटातल्या जिवासाठी आणि ही शहाणी ते मोरीत ओतत होती.

त्या दिवसापासून मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. रोज पहाटे तांब्या भरून तिच्या हातात द्यायचा आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभं राहायचं. ती घोट घोट प्यायची, मधेच थांबायची, माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, संपव. तिनं माझ्या लेकाकडे, दिगंबरकडे, माहेरी जायचं टुमणं लावलं. तिकडे मला बरं वाटतं, असं म्हणाली म्हणे. कोणत्या सासूला हे ऐकून बरं वाटेल? मी लेकाला सांगितलं, पाच महिने पुरे झाल्याशिवाय मी तिला एस.टी.त बसू देणार नाही. माझा लेक गरीब. आईपुढे बोलायची त्याची छाती नव्हती.

महिनाभरात वैजूचा चेहरा पांढराफटक पडला. पोटात मुरडा येऊन ती कोपऱ्यात गुडघे छातीशी धरून बसायची. चिडायची, मग रडायची. हिरड्यांवर काळसर रेघ दिसायला लागली, तेव्हा मी तिला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, चोरून मिश्री लावतेस आणि पोट दुखतं म्हणून सांगतेस? पोटुशी बाई कधी तंबाखू भाजून दातांना लावते का? ती शपथा घेत होती. मी स्वतः चाळीस वर्षं मिश्री लावणारी, मला काय ते कळत नव्हतं का, असं मला वाटत होतं.

शेवटी दिगंबरनं कामावर रजा टाकली आणि आम्ही तिघं शहरात लेडी डॉक्टरकडे गेलो. बाई तरुण होत्या, पण तपासायच्या शांतपणे. त्यांनी वैजूचा खालचा ओठ बोटानं खाली ओढला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"मिश्री लावता?"

वैजूनं नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, चोरून लावते. डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा ओला करून ती रेघ घासली, पुन्हा पुन्हा घासली. रेघ गेली नाही. मग त्यांनी माझ्याकडे न बघता रक्त काढून घेतलं आणि ते मुंबईला पाठवायचं आहे म्हणाल्या.

नऊ दिवसांनी बोलावणं आलं. मी तोपर्यंत तिला रोज तांब्या पाजतच होते, हे सांगायला हवं.

"यांच्या रक्तात शिसं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खूप आहे. आईच्या रक्तातून ते बाळाकडे जातं. आधीचे दोन्ही गर्भ टिकले नाहीत, त्याला हेच कारण असू शकेल. कुठून येतंय ते शोधून काढा आणि बंद करा. आठवडाही घालवू नका."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कुंकू कुठलं, काजळ कुठलं, वैद्याचं भस्म वगैरे घेतलं का, भांडी कसली, कल्हई कोण करतं. घरचं पाणी कसं आहे, हेही विचारलं त्यांनी. दिगंबर तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, पाण्याचं तुम्ही नावच काढू नका, आमच्यासारखं पाणी अख्ख्या गावात नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं विचारलं.

घरी आल्यावर माझ्या जिवाला थारा नव्हता. देव्हाऱ्यातल्या डबीतलं कुंकू मी तुळशीत टाकलं आणि मग तुळशीला बाधेल म्हणून माती उकरून बाहेर फेकली. काजळाच्या डब्या, जुनी रंगीत खेळणी, रंग उडालेला पाट, सगळं अंगणात काढलं. हळद शेजारणीच्या हळदीशी ताडून बघितली. एक वस्तू उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. वैजू खाटेवर पडून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या पोटावरून तिचा हात हलत नव्हता. तिसरंही गेलं तर ही पोरगी उभी राहायची नाही, हे मला दिसत होतं. मीही राहिले नसते, पण ते तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही.

भांड्यांपाशी आले आणि मला चोर सापडला. दस्तगीरभाई कल्हईवाला. माझ्या लग्नापासून आमच्या पातेल्यांना त्याचीच कल्हई. कथील महाग, शिसं स्वस्त, कथलात शिसं मिसळून कल्हई लावणारे लबाड कमी नसतात, हे कोणाला ठाऊक नाही? मी तीन पातेली आणि परात गोणीत घातली आणि बाजारच्या दिवशी, भर गर्दीत, त्याच्या भट्टीसमोर ओतली. काय बोलले ते सगळं आता सांगवत नाही. माझ्या सुनेच्या पोटातलं मूल तू मारतोयस, इथपर्यंत बोलले. लोक गोळा झाले. म्हातारा भाता मारायचा थांबला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"रखमाभाभी, बसा," तो म्हणाला.

मी बसले नाही. त्यानं डब्यातून कथलाची कांडी काढली, माझ्या कानाशी आणली आणि वाकवली. कांडी करकरली, दातात खडा आल्यासारखी. "हे कथील. वाकवलं की रडतं." मग मासे धरायच्या जाळ्याचं एक वजन काढलं, करड्या रंगाचं, आणि तेही वाकवलं. ते मुकाट्यानं वाकलं. "हे शिसं. याला आवाज नाही." जवळच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यानं आधी कथील ओढलं, काही उमटलं नाही. मग शिसं ओढलं, तर पेन्सिलीसारखी काळी रेघ.

"नखानं खरवडलं तर आत चांदी दिसेल. वरून मळकं," तो म्हणाला. "तुमच्या सासूपासून भांडी करतोय मी. माझ्या हातानं तुमच्या घरात जहर गेलं असेल तर ही भट्टी आजच विझवतो. पण आधी घरात बघा, भाभी."

माझ्याच पातेल्याचा एक कोपरा त्यानं त्या कागदावर सगळ्यांदेखत घासून दाखवला. कागद कोरा राहिला. मी गोणी भरली आणि माफी न मागता निघून आले. माझ्या पाठीमागे कोणी हसलं नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे सवयीनं उठले, माठातलं पाणी ओतलं, माठ घासला, कळशी घेऊन नळावर गेले. नळ सोडला. नितळ पाण्याची धार कळशीत पडायला लागली. कळशी सरळ करायला उचलली, तर तिचा काठ भिंतीवरच्या नळीला लागला. पितळ लोखंडाला लागलं की खणखणतं. इथं मऊ ठप्प झालं, बस्स. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मग माझा हात तिथंच थांबला.

तीस वर्षांहून जास्त त्या नळीवर मी पोतेरं वाळत घालत आले होते. जाड, करडी नळी. कोपऱ्यावर तिला सांधा नव्हता, ती नुसतीच वळवलेली होती. मधे तिला झोळ आला होता. हे सगळं रोज बघत होते, पण तिच्याकडे बघावं असं त्यात काही नव्हतं. कळशी लागली होती तिथं आता नवाकोरा ओरखडा चमकत होता. मी नखानं शेजारी खरवडलं. तिथंही चमकलं. कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून आणलं आणि नळीच्या उघड्या पडलेल्या जागेवर घासलं. कागदावर काळी रेघ उमटली.

खाली कळशी भरत होती. काठापर्यंत आली, काठावरून वाहायला लागली.

मागून वैजू आली. हातात तांब्या होता. "द्या आई, पिते," ती म्हणाली. माझ्याशी भांडण्यापेक्षा पिऊन मोकळं होणं सोपं, हे ती पोरगी महिन्याभरात शिकली होती.

मी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"ओत ती कळशी," मी म्हटलं.

ती जागची हलली नाही. तिला वाटलं, मी तिची परीक्षा घेतेय. मग मीच कळशी उचलली आणि मोरीत पालथी केली, चांगला आवाज करून. तिला कागद दाखवला, नळी दाखवली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी मोरीच्या कठड्यावरच बसले.

"माझे चार गेले, वैजू," मी म्हटलं.

हे तिला माहीत नव्हतं. दिगंबरलाही माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ती सगळी माणसं गेली होती. सात वर्षांत चार. तीन तर तोंड न दाखवताच गेले. चौथी मुलगी होती. सकाळी जन्मली आणि दुपारपर्यंत होती. सासूबाई मला अवदसा म्हणायच्या, माझ्या अंगात दोष आहे म्हणायच्या, आणि खरं सांगू, मला ते पटलं होतं. देवाधर्माचं काही करायचं शिल्लक ठेवलं नाही मी. पाचव्या वेळी दिवस गेल्याचं कळलं आणि त्याच आठवड्यात माझ्या वडिलांच्या अंगावरून वारा गेला. अंग लुळं पडलं. त्यांचं करायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी माहेरी गेले ती बाळंतीण होऊनच परत आले. आडाचं पाणी प्यायले आठ महिने. दिगंबर झाला, चांगला धडधाकट. सगळे म्हणाले, बापाच्या सेवेचं फळ मिळालं. मीही आजवर तेच सांगत आले होते. त्यानंतर पुन्हा मला दिवस गेलेच नाहीत.

हे सगळं मी वैजूला एका दमात सांगितलं. मग कोणाला शिव्या घालायच्या ते मला कळेना. सासूबाईंना? त्यांनी तर मला घरातलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं होतं, स्वतःच्या आधी दिलं होतं. मी तरी काय वेगळं केलं होतं? कालचं पाणी रोज ओतून द्यायचे आणि नळीतलं तितकंच शिळं पाणी ताजं म्हणून भरायचे. वरच्या घरातल्या ज्या बायांना मी हसायचे, त्या पहिलं पाणी धुण्याला घालत होत्या. त्यांची पोरं अंगणात खेळत होती. मी त्यांना तांब्याभर पाणी दिलं नाही, त्या चिकटपणाचे देवानं मला कधी गुण दिले तर तेवढेच द्यावेत.

"मी समोर उभी राहून पाजलं तुला," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं, आई."

"तुला माहीत होतं की. सांगितलं होतंस."

तिनं वाहता नळ बंद केला. खोटं बोलून मला सोडवलं नाही तिनं, आणि त्याबद्दल मी अजून तिला मानते.

नऊच्या एस.टी.नं मीच तिला माहेरी नेऊन पोचवलं. पाच महिने पुरे झाले नव्हते. रस्त्यात खड्डा आला की माझाच हात तिच्या पोटाकडे जायचा. तिच्या आबांनी अंगणात पाणी दिलं, तेव्हा मी विचारलं, पहिली बादली केळीला घातली ना? ते बिचारे गोंधळले. वैजू मात्र महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

परत आल्यावर दस्तगीरभाईकडे गेले. कॅलेंडरचं पान त्याच्यापुढे ठेवलं. माफी मागायला तोंड उघडलं तर रडूच आलं. त्यानं भट्टीवर चहा टाकला आणि म्हणाला, नवी नळी लोखंडाची घ्या भाभी, आणि ती येईपर्यंत नळ चांगला वाहू देऊन मगच भरा. डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं. माझ्या चौघांचं त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, आजी, इतक्या वर्षांपूर्वीचं खात्रीनं कसं सांगता येईल? बरोबर आहे त्यांचं. पण मला त्यांच्या खात्रीची गरज नव्हती.

भाद्रपदात वैजूला मुलगी झाली. दोन किलोची, चिमुकली, पण रडली ती साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मुक्ता नाव ठेवलं. दोन वर्षं उलटून गेली तरी बोलेना, तेव्हा आम्ही सगळे धास्तावलो होतो. मग बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही. हल्ली वकिली करते. आजीवर गेली, असं लोक म्हणतात.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. मुक्ता वर्षाची होती, सर्वपित्री अमावास्येचा दिवस होता. दर वर्षी मी सासूबाईंच्या पानाशेजारी पहिल्या कळशीतलं पाणी भरून भांडं ठेवायची. त्यांची ती एक माया, ती मी त्यांना परत करत होते. आता भिंतीवर लोखंडी नळी होती. त्या दिवशी मी पान वाढलं, सासूबाईंचं भांडं ठेवलं आणि मग फडताळातून चार लहान वाट्या काढून त्याच्या शेजारी ओळीनं मांडल्या. रिकाम्याच. दिगंबरनं विचारलं, या कोणाच्या? मी वाट्या पुन्हा एका ओळीत लावल्या.

वैजू मुक्ताला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिनं वाट्यांकडे पाहिलं. मग पोरीला दिगंबरच्या मांडीवर दिलं, फडताळ उघडलं आणि आणखी दोन वाट्या काढून माझ्या चारांच्या शेजारी ठेवल्या.

"थोडा वेळ नळ वाहू देते, आई," ती म्हणाली आणि कळशी घेऊन मोरीकडे गेली.